गौराआत्याच्या टीव्हीवर फायनल

"अंबू, पोरीचा ख्योळ मला एकदा दाव की रं," गौराआत्या फोनवर म्हणाली आणि मी बोलून गेलो, "त्यात काय आहे आत्या? रविवारी येतो आणि तुझ्या टीव्हीवर लावूनच दाखवतो."

"त्यात काय आहे!" पंचगंगेच्या पुरानं जेवढी माणसं पाण्यात घातली नसतील तेवढी या तीन शब्दांनी घातलीत. पण मला ते कोण सांगणार? मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकताच निवृत्त झालेला माणूस. एमएस-सीआयटी फर्स्ट क्लास. ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. आमच्या सौ. श्यामलाबाईंनी त्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवलंय हा भाग वेगळा. कॅलेंडर जरा बाजूला केलं की सर्टिफिकेट दिसतं. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत कुणाचा मोबाईल अडला की तो माझ्याकडं येतो. बहुतेक वेळा बंद करून परत चालू केला की चालतो, पण मी ते लगेच करत नाही. आधी थोडा वेळ चष्मा कपाळावर चढवून मोबाईलकडं बघतो. विद्येचा मान आपणच राखायचा असतो.

तर प्रकरण असं. माझी मुलगी इरावती आमच्या तालमीच्या पोरींच्या संघात गोलकीपर आहे. यंदाची फायनल बरोबरीत सुटली, पेनल्टीवर गेली, आणि समोरच्या पेठेच्या पोरीनं मारलेली शेवटची पेनल्टी इरानं उजवीकडं झेप टाकून अशी धरली, अशी धरली की मी आनंदाच्या भरात शेजारच्या माणसाच्या पाठीत गुद्दा घातला. तो समोरच्या पेठेचा निघाला. ते असो. गुलाल एवढा उडाला की आमच्या घरातल्या उशा अजून गुलाबी आहेत.

हे सगळं गौराआत्यानं बघितलं नव्हतं. आत्या आजऱ्याला असते, तिच्या मुलाकडं, म्हणजे आमच्या ज्ञानूदादाकडं. लहानपणी इरानं "मी गोलकीपर होणार" म्हटलं तेव्हा पहिले हातमोजे आणले ते आत्यानं, काजू विकून येताना आजऱ्याच्या बाजारातनं. ते क्रिकेटचे निघाले, पण इरा वर्षभर तेच घालून खेळली. आता आत्याचे गुडघे गेलेत, त्यामुळं कोल्हापूर बंद. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आणि ऑपरेशन म्हटलं की ती देवघरात जाऊन बसते. "दिसतंय तेवढं बास हाय. ह्या वयात काय सुईत दोरा ओवायचाय मला?" ज्ञानूदादा तिच्या विनवण्या करून करून थकला. मोबाईलच्या पडद्यावर तिला काहीच दिसत नाही, आणि घरात रेंज आली तर दोन मिनिटं, म्हणून ऑनलाईनचा प्रश्नच नाही. राहिला ज्ञानूदादाचा टीव्ही आणि पेनड्राईव्ह.

आणि रविवारच का, तर सोमवारी इरा गोव्याला फुटबॉलच्या शिबिराला जाणार होती. तिथून पुढं कुठं पाठवतील त्याचा नेम नव्हता. "बाबा, जायच्या आधी आत्याआजीच्या शेजारी बसून फायनल बघायचीय. बाकी काही नको मला," ती म्हणाली. ही पोरगी कधी काही मागत नाही. बूट फाटला तर चिकटवून खेळते. तिनं एक गोष्ट मागितली आणि ती नेमकी माझ्या विषयातली निघाली, म्हणून मी खूश होतो. माणसानं वेळीच नाखूश व्हायला शिकलं पाहिजे.

सामना ऑनलाईन दाखवला होता, तो मी उतरवून घेतला. पळापळी झकास. पेनल्ट्या झकास. समोरची पोरगी चेंडूवर आली, पाय मागं घेतला, आणि चित्र थिजलं. मधोमध चक्र फिरायला लागलं. चक्र थांबलं तेव्हा आमच्या तालमीचे अध्यक्ष गणपतराव यांच्या डोक्याला फेटा बांधणं चालू होतं. म्हणजे ज्या एका झेपेसाठी हा खटाटोप, तेवढीच नेटवर्कनं गिळली होती.

मूळ चित्रीकरण संयोजन समितीकडं होतं. मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ वर न बघता म्हणाले, "अर्ज आणलाय?"

"अहो, गोलकीपर माझी मुलगी आहे."

"आसंल की. उद्या कोणबी उठंल आन् म्हणंल मी बाप हाय म्हणून. तालमीच्या लेटरहेडवर अर्ज आणा, अध्यक्षांची सही आन् शिक्का घेऊन."

मला धड रागही येईना. उभी नोकरी मी लोकांना हेच सांगत आलो होतो. फक्त खिडकीच्या या बाजूला ते कसं ऐकू येतं हे माहीत नव्हतं.

गणपतराव भला माणूस. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. त्यांनी अर्ज वाचला, सही ठोकली आणि एकदम थांबले. "व्हिडिओ आजऱ्याला चाललाय व्हय? आवं, आमची सासुरवाडी आजऱ्याची की!" असं म्हणून ते बराच वेळ मिशीवरनं हात फिरवत राहिले. मी शिक्का वाळायची वाट बघत होतो, त्यामुळं त्या हात फिरवण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

समितीनं चित्रीकरण तुकड्या-तुकड्यांत दिलं. त्यातला एक तुकडा पेनड्राईव्हवर घालून मी समोरच्या चन्नाप्पांच्या घरी गेलो. चन्नाप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी, दारात मराठी आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना दोन्ही. त्यांच्याकडं जायचं कारण असं की ज्ञानूदादाला टीव्ही त्यांनीच ओळखीनं घेऊन दिला होता, आणि तेव्हाच तस्साच एक स्वतःला घेतला होता. जुळे टीव्ही. इथं चाललं की तिथं चालणार.

माझा नवा, मोठा पेनड्राईव्ह त्या टीव्हीनं ओळखलाच नाही. शेवटी पतसंस्थेच्या सभेत सभासदांना वाटलेला, वर चेअरमनसाहेबांचा फोटो असलेला जुना छोटा पेनड्राईव्ह त्यानं स्वीकारला. मी बटण दाबलं. शिट्ट्या आल्या, आरडाओरडा आला, हलगी आली. चित्र काही येईना. काळा कुळकुळीत पडदा.

चन्नाप्पांच्या शिवलीलावहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "रेडिओ लावलाय व्हय?"

"अय्यय्यो, टीव्हीला काय झालेलं न्हाई हं, अंबादासराव," चन्नाप्पा घाईघाईनं म्हणाले. "सकाळपर्यंत उत्तम हुता. तुम्ही काडी घातलासा आन् आंधळा झाला."

मग उपाय सुरू झाले. काडी उलटी घालून बघा. फुंकर मारा. जरा उन्हात ठेवा, ओल धरली असंल. टीव्हीच मागनं दोन चापट्या मारून बघा. हे सगळं मी केलं. फर्स्ट क्लासचा माणूस टीव्हीच्या पाठीत चापट्या मारतोय हे खिडकीतनं तीन बिऱ्हाडांनी बघितलं, आणि त्यांपैकी एकानं "जरा वरच्या अंगाला मारा" असं सांगितलंसुद्धा.

नाइलाजानं पुण्याला पुतण्याला फोन लावला. विश्वजित आमचा इंजिनिअर. तो म्हणाला, "काका, सोप्पं आहे. व्हिडिओ म्हणजे जेवणाचा डबा. डबा वेगळा आणि आतली भाजी वेगळी. तुमचा डबा टीव्हीला उघडतोय, पण आतली भाजी नव्या पद्धतीची आहे, ती जुन्या टीव्हीला पचत नाही. ती जुन्या पद्धतीनं परत शिजवावी लागेल. त्याला एन्कोडिंग म्हणतात."

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि फोन ठेवून डब्याचं झाकण बदललं. म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी जी चार अक्षरं होती ती खोडून टीव्हीच्या पुस्तकात छापलेली अक्षरं टाकली. कुणी हसू नये. सरकारी नोकरीत मी कितीतरी प्रकरणं अशीच मार्गी लावली होती: आतले कागद तेच, वर कव्हर नवं, आणि साहेबांची सही. टीव्ही मात्र साहेबांपेक्षा हुशार निघाला. आधी निदान आवाज येत होता, आता तोही बंद झाला.

तेव्हा मग रीतसर एन्कोडिंग. विश्वजितनं सांगितलेला प्रोग्रॅम मी घरच्या कॉम्प्युटरवर घातला. त्यात एवढी बटणं, एवढे आकडे की बघूनच घाम फुटला. बटण दाबल्यावर कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला आणि पडद्यावर 'शिल्लक वेळ अकरा तास' अशी पाटी आली. मी खुर्ची ओढून समोर बसलो.

"जेवायला चला," श्यामला म्हणाली. "तो काय पळून जात नाही."

"अगं, लक्ष ठेवायला पाहिजे."

"तुम्ही लक्ष ठेवून तो भराभर शिजणार आहे का? आमटी निवाली."

मी आमटीचा भुरका मारला आणि वीज गेली. ती आली तेव्हा पाटीवर परत अकरा तास. दुसऱ्या दिवशी मिक्सर लावल्यावर फ्यूज उडाला. परत अकरा. त्यानंतर मी घरात मिक्सर, इस्त्री आणि गिझर यांच्यावर बंदी घातली. श्यामलानं पाट्यावर चटणी वाटली आणि वाटताना जे काही पुटपुटली ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी एकदाचा सामना शिजला. फक्त सामना आणि पेनल्ट्या. बाकी सगळी कटकट मी कापून टाकली होती. चन्नाप्पांच्या टीव्हीवर चित्र आलं! पण सगळ्या पोरी बुटक्या आणि रुंद. श्यामला बघून म्हणाली, "अगंबाई, आपली इरा मैदानात अशी दिसते? मग रात्रीचं दूध बंद करायला पाहिजे." इरा उठून आत गेली. आकडा बदलला, परत शिजवला. आता पोरी उंच झाल्या, आवाज मात्र मागं पडला. गोल झाल्यावर गल्लीनं चहा प्यावा आणि मग 'गोल'ची आरोळी यावी, असा हिशेब. गल्लीतल्या मंडळींना आपापल्या मोबाईलवर व्हिडिओ पाहिजे होता, त्यांना तो पाठवला. गणपतरावांच्या मोबाईलवर तो आडवा झाला; बघायला त्यांना कॉटवर कुशीला निजावं लागलं. शिवलीलावहिनींच्या मोबाईलवर उघडेचना, आणि श्यामलाच्या मोबाईलवर तो अगदी उत्तम चालला, पण तिला तो बघायला वेळ नव्हता. एक व्हिडिओ सगळीकडं सारखा दिसावा, एवढीच माझी अपेक्षा होती. कोल्हापुरात दोन दुकानांतली मिसळ सारखी लागत नाही, तिथं ही अपेक्षा जरा जास्तच होती म्हणा.

शुक्रवारी संध्याकाळी गणपतराव घरी आले. कॉटवर निजून त्यांनी सगळा व्हिडिओ बघितला होता. चहा घेतला नाही. कोल्हापुरात माणूस चहा नको म्हणाला की समजायचं, मामला गंभीर आहे.

"अंबादासराव, ह्यात आमी कुठं हाय?"

"म्हणजे?"

"आमचं भाषण. आमचा फेटा. पावण्यांचा सत्कार. समदं कापलासा?"

"अहो, आत्याला इराचा खेळ..."

"खेळ बघा की, कोण नको म्हणतंय. पर ही काडी आजऱ्यात चाललीया. तिथं आमचा मेव्हणा बघणार, साडू बघणार. त्यांनी विचारलं, तालमीचा अध्यक्ष कुठं हाय, तर काय सांगायचं? अर्जावर सही कुणाची हाय?"

मी म्हणालो, "मग तुमचं भाषण वेगळ्या पेनड्राईव्हवर घालून देतो."

गणपतरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "वेगळ्या काडीवर? आन् ती काडी लावणार कोण? सामना संपला की पब्लिक उठून जातंय, अंबादासराव. पब्लिक मी उभा जलम बघितलंय. आदी सत्कार, मग सामना."

ही बातमी गल्लीत फुटली. मग चन्नाप्पा आले. पाण्याच्या बाटल्या त्यांनी दिल्या होत्या आणि माईकवरनं त्यांचं नाव दोनदा पुकारलं होतं. नाणेफेकीचे पाहुणे, हारतुरेवाले, ज्यांनी बॅनर लावलं ते, ज्यांनी बॅनर धरलं ते, सगळ्यांचा मान होता आणि मी तो कात्रीनं कापला होता. शेवटी चन्नाप्पांनीच तोड काढली. "पैला हाफ कापा की. न्हाईतरी त्यात गोल कुठं हाय?" हे इरानं आतनं ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "काका, गोल नाही, कारण मी चार अडवले!" मग चन्नाप्पा बाटल्यांचं बघायचंय म्हणून निघून गेले.

म्हणजे काहीच कापायचं नाही. स्वागत, प्रास्ताविक, भाषणं, सत्कार, आभार, पुन्हा आभार, आणि मग सामना. हे सगळं चेअरमनसाहेबांच्या त्या चिमुकल्या पेनड्राईव्हवर मावेना. विश्वजितला फोन केला. तो म्हणाला, "काका, भाषणं काढा." मी म्हणालो, "ते सोडून बोल." तो म्हणाला, "मग चित्राचा दर्जा उतरवा. पण बेतानं."

बेतानं! शनिवार उजाडला होता. बेत करायला वेळ कुणाला होता? प्रोग्रॅममध्ये सगळ्यात लहान असा जो आकडा होता तो मी निवडला. आणि काय सांगू, अकरा तासांचं काम दुपारच्या जेवणापर्यंत झालं आणि पेनड्राईव्हवर जागा उरली. मला वाटलं, माझा हात बसला.

चाचणीला चन्नाप्पांच्या घरी सगळी गल्ली जमली. गणपतराव पडद्यावर आले, भाषणाला उभे राहिले. चित्र बऱ्यापैकी स्वच्छ. कॅमेरा जवळ होता, आणि गणपतराव एकदा माईकसमोर उभे राहिले की हलत नाहीत. चन्नाप्पांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा शिवलीलावहिनींनी टाळ्या वाजवल्या. ज्याचा त्याचा सत्कार झाला तसतसा जो तो समाधानानं उठून घरी गेला. फेटे संपले तेव्हा खोलीत मी आणि चन्नाप्पा दोघंच उरलो, आणि चन्नाप्पांना दुकान उघडायचं होतं. "पुढचं चांगलंच आसणार की," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. इरा बॅग भरत होती. तिला सांगितलं, "झालं बघ काम. सगळीकडं चालणारा व्हिडिओ!" तिनं माझ्या गळ्यात हात टाकले.

रविवारी आम्ही घरचे तिघं निघालो तर दाराशी भाड्याची जीप उभी. आत गणपतराव पांढऱ्या कपड्यांत, शेजारी चन्नाप्पा. "तुमी यष्टीनं जाणार व्हय? बसा बसा." कागलला चहा, निपाणीत चन्नाप्पांच्या पाहुण्यांकडं पुन्हा चहा, उत्तूरला गणपतरावांच्या ओळखीचा एक माणूस जीपमध्ये चढला तो उतरलाच नाही. आजऱ्यात पोचलो तेव्हा ज्ञानूदादाचा सोपा, म्हणजे पुढची खोली, माणसांनी भरलेला. गणपतरावांचा मेव्हणा आला होता, साडू आला होता. आत्या टीव्हीसमोर खुर्चीत, नवं लुगडं नेसून, आणि इरा तिच्या पायाशी. आत्याचा हात इराच्या डोक्यावर.

मी चष्मा कपाळावर चढवला, काडी लावली, बटण दाबलं. चाललं! पहिल्या झटक्यात चाललं. आवाज जागेवर, चित्र जागेवर. मी मागं वळून सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. गणपतरावांचं भाषण सुरू झालं, मेव्हण्यानं मान डोलावली, आणि दुसऱ्या आभारापर्यंत आत्या गाढ झोपली.

मग सामना सुरू झाला.

आधी मला वाटलं माझाच चष्मा पुसायला पाहिजे. पडद्यावर हिरवा पट्टा होता आणि त्यावर रंगीत ठिपके इकडून तिकडं पळत होते. निळे आमचे, तांबडे त्यांचे. ते एका बाजूला धावायचे, मग दुसऱ्या बाजूला धावायचे, मधेच सगळे हात वर करायचे. का, ते कळायला मार्ग नव्हता. कारण चेंडू नव्हता. सगळ्या व्हिडिओत चेंडू म्हणून नव्हता. तो एवढासा पांढरा चेंडू एन्कोडिंगमध्ये विरघळून गेला होता. गणपतरावांचं भाषण मावलं आणि चेंडू काही मावला नाही.

"कबड्डी हाय काय ही?" मेव्हण्यानं विचारलं.

"फुटबॉल हाय ओ!"

"मग चेंडू कुठं हाय?"

"तवा... जरा ढगाळ हुतं," गणपतराव म्हणाले. त्यांनी माझी बाजू घेतली हे मी जन्मात विसरणार नाही, पण त्याचा उपयोग काही झाला नाही. सोप्यात हसू फुटलं. साडू म्हणाला, "चेंडूची वर्गणी जमली न्हाई वाटतं." चन्नाप्पा माझ्याकडं बघेनात. श्यामलानं पदर तोंडाला लावला, आणि ती हसतेय की काय ते मी बघायचं टाळलं.

पेनल्ट्या आल्या. एक तांबडा ठिपका धावत आला आणि त्यानं काहीच नसलेल्याला लाथ मारली. पिवळा ठिपका, म्हणजे आमची इरा, काहीच नसलेल्यावर झेपावला, मातीत पडला, आणि काहीच नसलेलं छातीशी धरून उठला. निळे ठिपके पिसाळल्यागत त्याच्या अंगावर धावले. सोप्यात हसून हसून एकाला ठसका लागला. हीच ती झेप. हिच्यासाठी अर्ज, शिक्का, पाट्यावरची चटणी.

इरा हसत नव्हती. ती खाली बघत होती आणि चटईची काडी उपसत होती. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला त्या सर्टिफिकेटसकट पोटात घ्यावं.

"ए, गप बसा की!" आत्या जागी झाली होती. कधी झाली होती कुणास ठाऊक. खुर्चीत पुढं वाकून ती पडद्याकडं बघत होती. "इरे, ती पिवळी म्हंजे तू न्हवं?"

"व्हय, आत्याआजी."

"तीच आत्ता दाणदिशी पडली न्हवं? लागलं काय गं?"

"थोडं खरचटलं. पण आत्याआजी, चेंडूच दिसत नाही त्यात. बाबांनी सगळा इस्कोट केलाय."

"तुला आज दिसंना व्हय?" आत्या म्हणाली. "मला तर कायम टीव्ही आसाच दिसतोय. आज ह्यास्नीबी तसाच दिसाय लागला, तर दात काढाय लागल्यात."

सगळ्या सोप्यानं हसू गिळलं. ज्याला ठसका लागला होता त्यानं तोसुद्धा गिळला.

आत्यानं ज्ञानूदादाला मागं न्यायला लावून ती झेप आणखी दोनदा बघितली. पिवळा ठिपका पडला की ती "आई गं" म्हणायची आणि उठला की "शाब्बास!" मग तिनं विचारलं, "पर तू धरलंस काय, ते कुठं कळतंय?"

इरा उठली. तिच्या बॅगेत चेंडू होताच. ती त्याच्याशिवाय पाणी प्यायलाही जात नाही. तिनं तो आत्याच्या हातात दिला, हातमोजे चढवले आणि बाहेर अंगणात जाऊन दोन खांबांच्या मधे उभी राहिली. "टाक आत्याआजी. जोरात टाक."

ज्ञानूदादानं आत्याला धरून उंबऱ्यापर्यंत आणली. आत्यानं दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावर नेला आणि अंदाजानं फेकला. तो भलतीकडंच गेला, पार डावीकडं, पाण्याच्या हौदाकडं. इरानं फायनलमध्ये टाकली नव्हती एवढी मोठी झेप टाकली. धप्पदिशी आवाज झाला, धूळ उडाली, श्यामला "अगं ड्रेस!" म्हणून ओरडली.

आत्या कपाळावर हात धरून अंगणात बघत होती. "गेला कुठं? हौदात पडला काय?"

"माझ्याजवळ हाय, आत्याआजी." इरा धुळीनं माखलेली आली आणि तिनं चेंडू आत्याच्या पोटाशी लावला. आत्यानं तो चाचपला. मग चेंडू धरलेले इराचे हात चाचपले, कोपर चाचपलं, तिथलं खरचटलेलं हाताला लागलं तेव्हा तिथंच हात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"एवढ्या जवळ आसून दिसला न्हाई बघ मला," ती म्हणाली. आणि मग एकदम मोठ्यानं, "ज्ञानू! त्या गडहिंग्लजच्या डाक्टरला सांग. डोळ्याचं काय चिरायचं ते चीर म्हणावं."

ज्ञानूदादानं लगेच खिशातला मोबाईल काढला. इतक्या विनवण्या, नवस, डॉक्टरची चिठ्ठी, यांनी जे झालं नव्हतं ते झालं होतं. मी घसा साफ केला आणि चष्मा हळूच कपाळावर चढवला. शेवटी व्हिडिओ माझा होता.

गणपतरावांना राहवलं नाही. ते पुढं होऊन म्हणाले, "आत्याबाई, डोळं बरं झालं की पुढच्या फायनलला मैदानावर या. तुमचा सत्कार आमच्या हस्ते!"

"सत्कार नगं, बाबा. तुमच्या भाषणात मला झोप लागती," आत्या म्हणाली. "पर येतो मी. गुडघं दुखू देत, न्हाईतर काय बी हू दे, म्याच बघाय मी सोता येतो. ह्या अंबूच्या भरवशावर ऱ्हायलो तर जलमात चेंडू दिसायचा न्हाई मला."

ज्ञानूदादा दवाखान्याला फोन लावायला रेंज शोधत वरच्या आळीला पळाला, आणि मी टीव्हीतनं ती काडी उपटून खिशात घातली.